चौथा भाग कुठला?

"तिच्याकडे चौथा भाग मागा, ती तिसरा काढून देते," बाई म्हणाल्या.

"नवीन आहे हो," सर म्हणाले.

"नवीन कसली? गणपती गेले, दिवाळी गेली. आणि वर तोंड उघडत नाय. समजलं की नाय समजलं, देवाक ठाऊक."

"हे पुस्तक मुलुंडला जाऊ दे. मग बघू तिचं."

मी कॉम्प्युटरच्या काचेच्या खोलीत होते आणि त्या खोलीचं दार कधीच नीट लागायचं नाही. एसीच्या घरघरीत आत काही ऐकू येत नसेल, असं त्या दोघांना वाटत असावं. मी हिरव्या अक्षरांकडे बघत राहिले आणि बोटं हलती ठेवली. काय टाइप करत होते ते आठवत नाही. बहुतेक काहीच नाही, नुसतं पुढे-मागे जात होते.

"मग बघू"चा अर्थ मला कळत होता. अंधेरी पूर्वेला एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये, वरच्या मजल्यावर सरांचं ऑफिस होतं. कारखान्यांना मशीनबरोबर गिऱ्हाइकाला जी इंग्रजी माहितीपुस्तकं द्यावी लागतात, ती आम्ही टाइप करून छपाईसाठी तयार करायचो. पूर्वी सगळं काम टाइपरायटरवर बाईच करायच्या. मग सरांनी कॉम्प्युटर घेतला, बाईंना क्लासला पाठवलं, आणि काही महिन्यांनी पडद्याकडे बघून बाईंचे डोळे चुरचुरायला लागले. म्हणून मी. ट्रायलवर. हातात असलेलं, मुलुंडच्या कारखान्याच्या बाटल्या भरायच्या मशीनचं पुस्तक नीट गेलं तर पक्की, नाही तर घरी.

घरी वडील होते. संपात बंद पडलेली त्यांची गिरणी त्यांच्यासाठी पुन्हा उघडली नव्हती आणि ते आता घाटकोपरलाच एका ओळखीच्या दुकानात बसायचे. मालवणकडून आलेल्या आमच्या सगळ्या गोतावळ्यात इंग्रजी शाळेत गेलेली मी एकटी. त्या शाळेसाठी काय काय केलं हे आई कधी बोलून दाखवायची नाही, त्यामुळे ते मला जास्तच ऐकू यायचं. ही खुर्ची मला हवी होती. दुसरी कुठे मिळेल असं मला वाटत नव्हतं.

आणि बाईंचं म्हणणं खरं होतं. चौथा भाग मागितला की माझ्याकडून तिसरा जायचा. नेहमी नाही, नाव सांगून मागितला तर बरोबर जायचा. का, ते मला कळत नव्हतं.

त्या वेळचा लिहिण्याचा प्रोग्राम आजच्यासारखा नव्हता. मोठं पुस्तक एका फाइलीत ठेवलं की तो अडखळायचा, एकेक ओळ खाली सरकायला वेळ घ्यायचा. म्हणून प्रत्येक भागाची वेगळी फाइल. फाइलीच्या नावाला आठ अक्षरं, त्याच्यापुढे काही लिहायला गेलं तर मशीन पुढचं गिळून टाकायचं. बाईंनी यावर सरळ उपाय काढला होता. पार्ट-१, पार्ट-२, पार्ट-३. बाटल्या भरायच्या मशीनचं पुस्तक असो, नाही तर पिठाच्या गिरणीचं, फ्लॉपीवर तेच पार्ट.

नोकरीला लागल्यावर पहिल्याच आठवड्यात, बाई बाहेर असताना, मी मुलुंडच्या पुस्तकाची पार्ट-१ फाइल उघडली होती. सगळं पुस्तक एकदा वाचून काढू, म्हणजे विचारावं लागणार नाही, असा माझा विचार. पडदा हिरवट काळा झाला आणि मधोमध एकच शब्द आला. SHREE. त्याच्याखाली काही नाही. मी खाली खाली गेले. फाइल संपलेली होती.

मला वाटलं, मी पुसलं. कुठलं तरी बटण दाबलं गेलं आणि आख्खा पहिला भाग उडाला. मी फाइल तशीच बंद केली, पाणी प्यायले, आणि पुन्हा कधी ती उघडली नाही. आश्चर्य म्हणजे कोणी तो भाग मागितलाही नाही. सुधारणा यायच्या त्या पुढच्याच भागांत. मी रोज सकाळी बसमधून उतरताना स्वतःशी म्हणायचे, आज मागतील. आज काही मागितलं नाही की वाटायचं, उद्या.

पार्ट-२ उघडली तर तिथे मशीन काय काम करतं ते लिहिलेलं होतं. हे सुरुवातीसारखं दिसतं, असं माझ्या मनात येऊन गेलं. पण भागांच्या डोक्यावर नुसती नावं असायची, आकडे नसायचे. आकडे बाई अगदी शेवटी घालायच्या, कारण कारखान्याचे लोक भाग मागेपुढे करत राहायचे. मग सुरुवात कुठली हे ठरवणारी मी कोण? बाईंना विचारता आलं असतं. पण तसं विचारायचं म्हणजे पहिला भाग कुठे आहे, हेही निघालं असतं.

असं माझं चाललं होतं.

दुपारी बाई आणि मी एकत्र डबा खायचो. बाई चारकोपच्या, सेक्टरमधल्या बैठ्या घरात राहायच्या, आणि डब्यात बांगड्याचं तिखलं असलं की अर्धं माझ्या झाकणात टाकायच्या.

"खा गो बाय. की इंग्लिशमध्ये जेवतंस?"

मी हसायचे. उत्तर मनात तयार व्हायचं, पण आधी इंग्रजीत. ते मराठीत आणेपर्यंत बाई पुढच्या विषयावर गेलेल्या असायच्या. माझ्या गप्प बसण्याला लोक कधी शिष्टपणा म्हणायचे, कधी भोळेपणा. खरं म्हणजे मला नेहमी थोडा उशीर व्हायचा, एवढंच.

डबा झाला की मी वाचत बसायचे. प्रोग्रामबरोबर एक जाडजूड इंग्रजी पुस्तक आलं होतं आणि ते प्रिंटरच्या एका पायाखाली टेकू म्हणून दिलेलं होतं. मी तिथे लाकडाचा ठोकळा सरकवला आणि पुस्तक काढून घेतलं. ते कोणी कधी उघडलेलं दिसत नव्हतं, पानं एकमेकांना चिकटलेली होती. त्यात एक गोष्ट मी पुन्हा पुन्हा वाचली. ओळीच्या सुरुवातीला टिंब द्यायचं, दोन अक्षरं लिहायची आणि पुढे दुसऱ्या एखाद्या फाइलीचं नाव. म्हणजे छापताना मशीन त्या जागी ती सगळी फाइल आणून छापतं. वाक्य सरळ होतं. एकही शब्द अडत नव्हता. पण असं कोणाला कशाला करावं लागेल, ते काही डोक्यात शिरेना. मी तिथे बसचं तिकीट घालून ठेवलं.

बाईंचं ते बोलणं ऐकल्यावर मी ठरवलं की आपणच काहीतरी करायचं. आकड्यांनी घोळ होतो तर आकडे नकोतच. मी मुलुंडच्या पुस्तकाची एक नक्कल केली, वेगळ्या फ्लॉपीवर, आणि तिच्यातल्या फाइलींना नावं दिली. सफाईच्या भागाला CLEAN, तेलाच्या भागाला OIL, मशीन सुरू करण्याच्या भागाला START. पार्ट-१ला हात लावला नाही. मला फार बरं वाटलं. नाव वाचलं की आत काय आहे ते कळत होतं, उघडून बघायला नको.

मग मी यादी मागवली. प्रोग्राम यादी अक्षरांच्या क्रमाने दाखवायचा, एबीसीडीप्रमाणे. आमच्या नव्या पुस्तकात मशीन आधी धुतलं जात होतं, मग बिघडत होतं, त्यानंतर बसवलं जात होतं, त्याला तेल घातलं जात होतं, आणि सगळ्यात शेवटी ते सुरू होत होतं.

मी नक्कल पुसून टाकली. नाव दिलं की क्रम जातो आणि क्रम दिला की नाव जातं. माणसांचं असं होत नाही, शाळेत मला नावही होतं आणि हजेरीत नंबरही होता. मग फाइलीचं का व्हावं, याचा मी घरी जाताना बसमध्ये विचार करत बसले आणि एक स्टॉप पुढे जाऊन उतरले. आज मी ज्या प्रोग्रामवर हे लिहिते आहे त्यात मथळे आपोआप डाव्या बाजूला रांगेत उभे राहतात. एकाला धरून वर ओढला की बाकीचे गुपचूप खाली सरकतात. माझी भाची ते न बघता करते. मी अजूनही ओढायच्या आधी क्षणभर थांबते.

त्या संध्याकाळी आईने वाण्याची यादी लिहायला घेतली होती. म्हणजे ती सांगणार आणि मी लिहिणार, कारण अक्षर माझं चांगलं, भले वेलांट्या चुकोत. मी सरळ तांदूळ लिहायला सुरुवात केली.

"वर श्री काढ आधी," वडील पेपरातून डोकं न काढता म्हणाले.

"तांदळाच्या वर?"

"सगळ्याच्या वर. किती वेळा सांगायचं? मॅडमनी शाळेत शिकवलं नाही वाटतं."

"राहू दे हो, लिहील ती," आई म्हणाली. "आणि तूरडाळ राहिली गं, ती तांदळाच्या खाली घाल, मध्ये."

मी मधल्या जागेत तूरडाळ बसवली. डोक्यात मुलुंडचं पुस्तक होतं, त्यामुळे काय लिहिते आहे याकडे माझं लक्षच नव्हतं.

दोन-तीन दिवसांनी मुलुंडचे इंजिनिअर आले. कारखान्यात मशीनच्या आवाजावर ओरडून बोलायची सवय असलेले, एका हातात स्कूटरचं हेल्मेट, दुसऱ्या हातात आम्ही पाठवलेली कच्ची प्रत. नियमाप्रमाणे बूट दाराबाहेर काढून ते मोज्यांवर काचेच्या खोलीत शिरले. मागून सर आणि बाई.

"शेठ, हे वाचलंय का कोणी?" त्यांनी प्रत टेबलावर टाकली. "मशीन चालू करा. मग झाकण उघडा. मग आत हात घालून ओल्या फडक्याने पुसून घ्या. चालू मशीनमध्ये हात! आमच्या ऑपरेटरची बोटं जातील, यार. वाट लागेल."

"असं कसं झालं?" सरांनी माझ्याकडे बघितलं.

"सफाईचा नवीन मजकूर मी दिला होता," इंजिनिअर म्हणाले. "चौथ्या भागात घाला, असं वर लाल पेन्सिलीने लिहिलेलं आहे. हा घातलाय तिसऱ्यात. सुरू करायच्या भागात."

"मी पण हिला चौथाच सांगितलेला," बाई म्हणाल्या. "सांगितलेला ना गो?"

मी मान हलवली. सांगितला होता. मी पार्ट-४ उघडली होती, दाखवलेल्या जागी मजकूर घातला होता. घालताना तो विचित्र वाटला होता, पण बाटल्या भरायच्या मशीनचं मला काय कळतंय, असं म्हणून मी पुढे गेले होते. मी चौथ्यातच घातलं, हे वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. पण समोर कागदावर तर तो तिसरा होता. मग मी नक्की काय म्हणणार होते? मला स्वतःलाच कळेना.

"बाई, तुम्ही बसा," सर म्हणाले.

मी उठले. बाई माझ्या खुर्चीवर बसल्या, पदर खोचला, चष्मा वर सरकवला.

"चौथा काढा."

मी बाईंच्या मागे उभी होते. आजवर त्या खुर्चीवर मी असायचे आणि बाई बाहेरून सांगायच्या. त्यांना काम करताना असं मागून मी कधी बघितलंच नव्हतं. बाईंनी फाइल उघडायचं बटण दाबलं, पार्ट लिहिलं, आणि त्यांचं बोट वरच्या आकड्यांच्या रांगेत गेलं. चारवर थांबलं नाही. पाचवर गेलं.

पडद्यावर सफाईचा भाग आला.

"हा बघा चौथा," बाई म्हणाल्या.

"बघा! बाईंनी कसा पटकन काढला," इंजिनिअर म्हणाले.

कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. बाईंच्याही नाही. आमच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर राहणारी माणसं जमिनीपासून मोजलं तर दुसऱ्या थरावर राहतात, आणि घरी जाताना कोणाला वजाबाकी करावी लागत नाही. बाईंचं तसंच होतं. मी बोटांवर मोजलं. पाच जर चौथा असेल, तर चार तिसरा, तीन दुसरा, आणि दोन म्हणजे पहिला. मग पार्ट-१ कोण?

"ठीक आहे," सर म्हणत होते. "उद्यापासून बाईच इथे बसतील. डोळ्यांचं बघू काहीतरी, चष्मा बदला. तू बाहेर टाइपरायटरवर पाकिटांचं वगैरे बघ, हा महिना."

हा महिना. टाइपरायटरवर आता पाकिटांशिवाय काम उरलं नव्हतं आणि पाकिटांना माणूस लागत नव्हता. खोलीतल्या सगळ्यांना ते माहीत होतं. बाई मान खाली घालून कीबोर्डवरची धूळ पुसायला लागल्या.

"पाच," मी म्हणाले.

"काय?" सर वळले.

"बाईंनी पाच दाबलं." एवढंच निघालं, आणि तेही एसीला ऐकवल्यासारखं.

"मग?" बाई म्हणाल्या. "चौथा म्हणजे पाचच. पयलो श्रीचो नाय काय?"

"कुठल्या श्रीचा?" इंजिनिअरांनी विचारलं.

बाईंनी पार्ट-१ उघडली. हिरवट काळा पडदा, मधोमध तोच शब्द, खाली काही नाही. इतके दिवस जे मी पुसलं असं धरून चालले होते, ते कधी लिहिलेलंच नव्हतं. मला हसू येईल की रडू, याचा अंदाज येईना, म्हणून मी प्रिंटरकडे बघितलं.

"टाइपरायटरवर पण पहिला कागद श्रीचाच घालायचे मी," बाई सांगत होत्या. "सर, तुम्हाला माहीत आहे. काम झालं की तो कागद देवाजवळ ठेवायचे. मशीनवर आलं म्हणून काय देवाक सोडू? पहिली फाइल श्रीची, मग आपलं काम. सगळ्या फ्लॉप्यांवर तसंच आहे."

"म्हणजे देव एक नंबर आणि आम्ही सगळे दोन नंबरवाले!" इंजिनिअर हसले. "बाई, अहो, आमच्या ऑपरेटरची बोटं श्रीच्या कृपेने वाचली म्हणायची."

बाई हसल्या नाहीत.

"मला हे कोणी सांगितलं नाही कधी," सर म्हणाले. "बाई, कागदावर ठीक होतं ते. इथे नको. पुसून टाका, आणि सगळे नंबर एकेकाने मागे घ्या."

बाईंचा हात कीबोर्डवर गेला आणि तिथेच राहिला.

"सुरुवात केलेली पुसायची?" त्या म्हणाल्या. आवाज नेहमीचा नव्हता.

"आणि नंबर बदलताच आहात तर ऐका," इंजिनिअर म्हणाले. "सुरक्षेचा एक नवा भाग घालायचाय. पहिल्याच्या नंतर. आजचं बघून तर घालायलाच पाहिजे."

"म्हणजे मागे घेतलेले परत पुढे ढकलायचे?" बाई म्हणाल्या. "देवा रे! आणि पुढच्या वेळी तुम्ही तो काढून टाकणार. मग?"

"मग पुन्हा मागे," इंजिनिअर म्हणाले. "कामच आहे ते."

सर कपाळ चोळत होते. मी पडद्याकडे बघत होते. वर श्री, खाली मोकळी जागा. तांदूळ, आणि मध्ये बसवलेली तूरडाळ. बसचं तिकीट घातलेलं ते पान, टिंब आणि दोन अक्षरं. हे सगळं एका जागी का येत होतं, ते मला अजून नीट समजलेलं नव्हतं. पूर्ण समजल्यावरच बोलायचं, अशी माझी सवय होती. पण बाईंचं बोट पुसायच्या बटणाकडे चाललं होतं, आणि या वेळी मनात वाक्य तयार होईपर्यंत थांबले असते तर श्रीही गेला असता आणि खुर्चीही.

"श्री पुसू नका, सर," मी म्हणाले, आणि माझाच आवाज मला मोठा वाटला. "त्याच्या खाली जागा आहे. तिथे भागांची नावं लिहायची, एकाखाली एक, वाण्याच्या यादीसारखी. नंबर नाही, नावं. ओळख, सुरक्षा, बसवणं, सुरू करणं, सफाई. नवा भाग आला की मध्ये एक ओळ घालायची, काढला की ती ओळ पुसायची, बाकी कोणाला हलवायचं नाही. छापताना मशीन ती यादी वरून खाली वाचतं आणि एकेक फाइल आणतं, ते त्या जाड पुस्तकात दिलंय, मी वाचलंय. बाई, जरा उठता का? मला बसायचंय."